करंगळीची दोन पेरं

"काका, हे इंजिन म्हणजे तुमची बत्तिशी झालीय," तुगांग म्हणाला. "चार आहेत, बाकीचे कुठे गेले देवाला ठाऊक."

म्हातारा लेजाउ उपड्या होडीवर बसून तंबाखूची विडी वळत होता. एकेकाळी पितळी कड्या घालून ताणलेल्या त्याच्या कानाच्या पाळ्या आता नुसत्याच खांद्यापर्यंत लोंबत होत्या. तो हसला तेव्हा त्याही हलल्या.

"दात घालून दे नवीन. मला विकायचंय ते. पुढच्या रविवारच्या बोटीनं मी चाललो मिरी शहरात, पोरीकडे."

"किती दिवस?"

"दिवस कसले? कायमचा. या डोळ्यानं आता होडीसमोरचा ओंडका दिसत नाही. परवा मगर समजून मी एका फळीशी भांडलो."

तुगांगच्या हातातला पाना तिथंच थांबला.

उमा केरांगच्या लांबघरात बत्तीस दारं होती, म्हणजे एका छपराखाली, एका लांबच लांब पडवीवर बत्तीस कुटुंबं. त्यांतल्या कुणालाही तुगांगविषयी विचारलं असतं तर तो एवढंच म्हणाला असता, की चांगला माणूस आहे, इंजिनं दुरुस्त करतो. बाराम नदीच्या वरच्या अंगाला कुणाची होडी बंद पडली की ती वाहत-ढकलत त्याच्या शेडपाशी यायची. बावन्न वर्षांच्या आयुष्यात तो कुणाशी भांडला नव्हता, कुठल्या सभेत उठून बोलला नव्हता, आणि त्याच्या नावावर सांगण्याजोगा एकही पराक्रम नव्हता. दोन वर्षांपूर्वी त्याची बायको उसुन वारली. तेव्हापासून त्याच्या नावामागे विधुरासाठीचं 'आबान' लागलं. आबान तुगांग. मुलगी मोनिका लग्न होऊन शहरात गेली होती. तिची चिठ्ठी नाताळाच्या सुमारास यायची.

"काका," पाना खाली ठेवत तो म्हणाला, "ते काम तुम्ही अजून करता?"

"कसलं काम?"

"पूर्वीचं. नदीवरचं."

लेजाउनं विडी तोंडातून काढली. त्याचा एक डोळा पांढरा पडला होता. दुसरा त्यानं तुगांगवर रोखला. मग त्याला इतकं हसू आलं, की ठसका लागला.

"पालांगचं? अरे, सतरा वर्षांत एकही गिऱ्हाईक आलं नाही! आताची पोरं मिरीला जाऊन दंडावर विंचू गोंदवून येतात आणि डिस्पेन्सरीत सुई दिसली की आई गं म्हणतात. कुणाला करायचंय?"

"मला."

म्हाताऱ्याचं हसू थांबलं. बाईच्या सुखासाठी पुरुषाच्या सगळ्यांत नाजूक जागी आरपार भोक पाडून त्यात आडवी काडी, म्हणजे पालांग, बसवायची, हे काम त्यानं तरुणपणी शेकड्यांनी केलं होतं. पण ज्यांचं केलं ते सगळे विशी-पंचविशीतले होते. तुगांगच्या कानावरचे केस पांढरे झाले होते.

"कोण आहे ती?" त्यानं हळूच विचारलं.

"कोणी नाही."

"मला सांगायला काय जातंय? मी तर चाललो. हुबोंग ना? तुझ्या दाराशेजारची? बाई चांगली आहे, तोंडाळ आहे पण चांगली आहे."

"काका, खरंच कोणी नाही."

"मग घरी जा आणि भात खा," लेजाउ चिडून म्हणाला. "हे काय मिरवायचं असतं? बाईनं मागायचं आणि पुरुषानं सोसायचं, एवढंच आहे यात. बाईच नाही तर मी हात लावणार नाही. आणि थांब, तू तोच ना रे? तूच तो पळालेला!"

तुगांगनं मान खाली घातली.

तोच होता तो. बाविसाव्या वर्षी दोन मित्रांबरोबर तो पहाटे नदीवर गेला होता. अंग बधिर व्हावं म्हणून तिघं कंबरभर गार पाण्यात उभे राहिले. पहिल्याचं झालं. तो ओरडलाही नाही. दुसऱ्याचं झालं, तो थोडा ओरडला. तुगांगची पाळी आली, लेजाउनं त्या जागी बांबूचा चाप लावला, आणि मागून मामानं खांदे धरायच्या आत हा पाण्यातून उसळून जंगलात पळाला.

"माझा चाप घेऊन पळालास!" लेजाउ म्हणाला. "अंगावर चिंधी नाही, नुसता चाप. बायका पाणी भरायला येत होत्या. महिनाभर सगळी नदी हसत होती."

"हो."

"आणि तरी उसुननं तुझ्याशी लग्न केलं."

"हो. तिला माहीत होतं सगळं."

तुगांगनं हातावरचं तेल चिंधीला पुसलं. पुसत राहिला. मग जे त्यानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं ते तो चिंधीकडे बघतच सांगू लागला.

लग्नानंतरच्या पहिल्या सुगीची गोष्ट. तो शेतावरून आला होता, आणि उसुननं पानात बांधलेला भात त्याच्यासमोर ठेवला. पुडी सोडून दोन घास खाल्ल्यावर बोटांना काहीतरी लागलं. नागवेलीच्या पानाची घट्ट वळलेली सुरळी, दोऱ्यानं बांधलेली. करंगळीची दोन पेरं भरेल एवढी लांब. कायान जमातीतल्या बायकोला तोंडानं मागायची लाज वाटली तर ती असं मागते, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. एवढ्या मापाचा पालांग हवा, असा त्याचा अर्थ. उसुन पाठमोरी बसून चुलीत फुंकर घालत होती. त्यानं सुरळी मुठीत लपवली, बाहेर जाऊन नदीत टाकली आणि आत येऊन म्हणाला, "भात चांगला झालाय."

"आणि ती?" लेजाउनं विचारलं.

"काही नाही. पुन्हा कधी विषय नाही. सव्वीस वर्षं संसार केला, काका. कशावरून भांडलो नाही असं नाही, पण ते तिनं कधी काढलं नाही."

"बायका विसरतात रे."

"नाही विसरली." तुगांग थांबला. "मारुडीच्या इस्पितळात होती ना शेवटी, तेव्हा एक दिवस दुपारी मला म्हणाली, 'मोनिकाच्या बाबा, पहिल्या सुगीला मी तुला भात बांधून दिला होता, त्यात काही सापडलं होतं का रे?' मी म्हटलं, 'काय होतं?' ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, 'काही नाही.' चौथ्या दिवशी गेली."

नदीवरून एक होडी फटफटत गेली. लेजाउनं विझलेली विडी पुन्हा पेटवली नाही.

"बुधवारी पहाटे ये," तो म्हणाला. "तोवर मिरची नको, दारू नको, डुकराचं मटण नको. काडी तूच कर. माझ्याकडच्या सगळ्या काड्या माझ्या पोरीनं लाजेखातर नदीत फेकल्या. माप माहीत आहे?"

"आहे."

*

पुढचे चार दिवस तुगांगनं आजारपणाची तयारी केली. घरात करणारं माणूस असलं की ही तयारी लागत नाही, माणूस सरळ आडवा होतो. त्यानं आठवडाभर पुरेल एवढं सरपण फोडून चुलीजवळ रचलं. खाली वाकावं लागू नये म्हणून भाताचा डबा वरच्या फळीवर ठेवला. पाण्याची पिंपं भरली. दोन जुन्या चादरी फाडून पट्ट्या केल्या, उकळल्या आणि पडवीत वाळत घातल्या.

"दाजी, बाळंतपण काढताय की काय कुणाचं?" शेजारच्या दारातून हुबोंगनं विचारलं. ती उसुनची चुलतबहीण. तिचा नवरा लाकूडतोडीच्या छावणीत झाड अंगावर पडून गेला, त्याला नऊ वर्षं झाली होती.

"इंजिन पुसायला लागतात," तुगांग म्हणाला.

"उकळून?"

त्यानं पुढची पट्टी दोरीवर टाकली. हुबोंग बराच वेळ त्या पांढऱ्या पट्ट्यांकडे बघत उभी राहिली.

काडी करायला मात्र त्याला एक पूर्ण दिवस लागला. शेडमध्ये पितळेच्या सळीचे तुकडे भरपूर होते. होडीच्या पंख्यात घालायच्या पिना तो त्यातूनच कापायचा. त्यानं सर्वांत स्वच्छ तुकडा निवडला, डावा हात पालथा टेकला आणि सळी करंगळीशेजारी ठेवली. अठ्ठावीस वर्षांपूर्वी मुठीत फक्त नदीपर्यंत नेलेली ती सुरळी, पण तिची लांबी त्याच्या हाताला आजही पाठ होती. खूण केली, कापली. आधी कानशीनं, मग बारीक पॉलिशकागदानं, मग राख लावलेल्या कापडानं घासली. गालावर फिरवून पाहिली. कुठंतरी एक सूक्ष्म खरखर लागली म्हणून पुन्हा घासली. दोन्ही टोकांना बसतील अशी दोन गोल बोंडं केली. इतकं बारीक काम त्यानं आयुष्यात कुणाच्या इंजिनासाठी केलं नव्हतं. झाल्यावर ती तळहातावर धरून तो उगाच दाराकडे बघत राहिला. दाखवावी असं कुणी नव्हतं.

मोनिकाला चिठ्ठी लिहावी असं एकदा मनात आलं. पण मुलीला काय लिहिणार?

*

बुधवारी नदीवर धुकं इतकं दाट होतं, की पलीकडचा काठ नव्हताच. लेजाउ आधीच येऊन खडकावर बसला होता. त्यानं शेकोटी केली होती, तिच्यावर पाणी उकळत होतं आणि त्यात त्याची टोचणी होती.

"मागून धरायला कुणाला आणलंस?"

"कुणाला आणू, काका?"

लेजाउनं इकडेतिकडे पाहिलं, जणू धुक्यातून कुणी येईलच. "बरं," तो म्हणाला. "मग त्या होडीची कड धर. पण ऐक. माझा एकच डोळा आहे. तू हललास तर मी जबाबदार नाही. आणि पळणार असशील तर आत्ताच पळ, माझा चाप ठेवून."

तुगांग पाण्यात उतरला. कमरेपर्यंत गेला. डोंगरातून आलेलं पाणी होतं, पहिल्यांदा ते भाजल्यासारखं लागलं, मग टोचल्यासारखं, आणि मग लागेनासं झालं. लेजाउनं त्याला तसंच उभं ठेवलं. एका विडीचा वेळ गेला. दुसऱ्या विडीचा गेला. तुगांगचे दात वाजू लागले.

"अजून?"

"अजून. बोलत राहा. माणूस बोलत असला की बरं."

"काय बोलू?"

"तिच्याविषयी बोल. त्याच्यासाठी तर आलास."

तुगांगनं विचार केला. बोलण्यासारखं खूप काही असेल असं त्याला वाटलं होतं. पण आठवलं ते एवढंच. "ती झोपेत माझी चादर ओढायची," तो म्हणाला. "रोज. मी रोज उघडा पडायचो. आता पूर्ण चादर मिळते, तर झोप येत नाही."

"ये बाहेर," लेजाउ म्हणाला.

तो होडीच्या कडेला टेकून उभा राहिला. बांबूचा चाप बसला, तो तेवढा कळला. त्यानं दोन्ही हातांनी मागची कड धरली. म्हाताऱ्याचे हात थरथरत होते, पण टोचणी हातात घेतली तशी थरथर थांबली. लेजाउ अगदी जवळ वाकला, चांगला डोळा बारीक केला आणि श्वास रोखला.

मग ते झालं. कळ पायांच्या नखांपर्यंत गेली आणि तिथून उलटी टाळूपर्यंत आली. तुगांगला जंगल दिसलं. ओली पायवाट आणि तिच्यावरून धावणारे स्वतःचेच बावीस वर्षांचे पाय. त्यानं कड इतकी घट्ट धरली की तिची ढलपी हातात आली. पण पाय हलले नाहीत.

"काडी जातेय," लेजाउ म्हणाला. "जातेय. गेली. थांब, बोंड... झालं. संपलं."

त्यानं उकळलेल्या पट्टीनं जखम बांधली, स्वतःचे हात धुतले आणि मागे सरकून बसला. तोही घामाघूम झाला होता.

"सुबक केलीयस काडी," तो म्हणाला. "माझ्या हातून गेलेल्या सगळ्यांत सुबक." मग जरा वेळानं तो म्हणाला, "रडलास तरी चालेल. इथं कुणी नाही."

तुगांगला रडायचं होतं असं नाही. पण 'इथं कुणी नाही' हे शब्द ऐकले मात्र, आणि त्याच्या गळ्यातून एक विचित्र आवाज निघाला. लेजाउनं पाठ फिरवली आणि शेकोटीवर माती लोटू लागला.

"रोज सकाळी नदीत उभं राहायचं," पाठमोराच तो म्हणाला. "महिनाभर. वाहतं पाणी लागलं पाहिजे. ताप येईल, त्याला घाबरायचं नाही. तिसऱ्या दिवशी उतरला नाही, तर मात्र घाबरायचं."

रविवारी बोट आली. लेजाउचं इंजिन विकलं गेलं होतं, कपड्यांचं गाठोडं आणि कोंबडीचं खुराडं घेऊन तो निघाला. सगळं लांबघर काठावर जमलं होतं. तुगांग तिथं नव्हता. त्याला ताप होता.

*

ताप तिसऱ्या दिवशी उतरला नाही.

चौथ्या दिवशी दुपारी दार ढकलून हुबोंग आत आली. चुलीजवळचं सरपण रचलं होतं तसंच होतं. भाताच्या डब्याला हात लागला नव्हता. तुगांग भिंतीकडे तोंड करून पडला होता, ओठ फुटले होते. तिनं कपाळाला हात लावला, परत गेली आणि डिस्पेन्सरीच्या कॅप्सूल घेऊन आली. त्याला उठवून बसवलं, कॅप्सूल घशात घातली, वर पेज पाजली. दोन दिवस ती असंच येत राहिली आणि दोन्ही दिवस तिनं चकार शब्द काढला नाही. तोंडाळ बाईचं हे गप्प राहणं तापापेक्षा वाईट होतं.

ताप उतरला त्या संध्याकाळी ती समोर मांडी घालून बसली.

"आता बोला, दाजी."

"काय बोलू?"

"घाटावर बायका मला विचारतात, डुक्कर कधी कापायचं? कुठलं डुक्कर, तर म्हणे लग्नाचं. लेजाउकाका जाता जाता बोटीतून ओरडून गेला, आबान तुगांगला जप म्हणून. चाळीस माणसांसमोर! मी या वयात हसं करून घ्यायला मोकळी आहे का? तुम्ही हे माझ्यासाठी केलं असेल तर आत्ताच सांगा, म्हणजे मला नाही म्हणता येईल. आणि माझ्यासाठी केलं नसेल तर..." ती अडखळली. "तर तेही सांगा."

तुगांगला पहिल्यांदाच दिसलं, की तिनं केस विंचरून तेल लावलं होतं. त्याला फार वाईट वाटलं.

"उसुनसाठी केलं," तो म्हणाला.

 हुबोंगनं कपाळावरची बट कानामागे सारली. "ती जाऊन दोन वर्षं झाली, दाजी."

"माहीत आहे." आणि त्यानं तिला भाताची गोष्ट सांगितली. सुरळीची, नदीत टाकल्याची. इस्पितळाची नाही, फक्त भाताची.

ऐकता ऐकता हुबोंगचा हात तोंडावर गेला. डोळे मोठे झाले.

"त्या सुगीचा भात? अहो दाजी! त्या वर्षी आम्ही पाचजणी नव्या नवऱ्या होतो. पाचही जणींनी सुरळ्या घातल्या होत्या! उसुनच्याच डोक्यातून निघालं ते. म्हणाली, बघू या कुणाचा नवरा काय करतो. पैज होती आमची. माझ्या त्याला तर पालांग आधीच होता, तरी मी घातली. आणि तो काय करावा? सुरळी चावून खाल्ली आणि म्हणाला, आज भाजी कडू झालीय!"

"पैज," तुगांग म्हणाला.

"दुसऱ्या दिवशी भात कांडताना सगळ्या सांगायला बसलो. हसून हसून मुसळं हातातून पडली. उसुन म्हणाली, आमच्याकडे काहीच झालं नाही बाई, गुपचूप बाहेर जाऊन आला आणि म्हणाला, भात चांगला झालाय! तीच सगळ्यांत जास्त हसली. आम्ही म्हटलं, विचार त्याला. ती म्हणाली, आत्ता नको, घाबरून पुन्हा जंगलात पळेल. म्हातारी झाले की विचारीन."

हुबोंग हसत होती. हसता हसता तिनं तुगांगकडे पाहिलं आणि तिचं हसू ओसरलं.

"काय झालं?"

"विचारलं होतं तिनं," तुगांग म्हणाला. "मारुडीला."

"मग? तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, काय होतं?"

पडवीत कुणीतरी कोंबड्यांना हाकलत होतं. हुबोंगनं पेजेचं भांडं उचललं, पुन्हा खाली ठेवलं, पुन्हा उचललं.  दारापर्यंत गेली, तिथं थांबली.

"हुबोंग," तो म्हणाला, "खरंच तो भाजी कडू झालीय म्हणाला?"

"देवाशप्पथ. आणि वर पुन्हा वाढून घेतली."

तुगांगला हसू आलं. आधी नाकातून, मग पोटातून. हसण्याबरोबर जखम ओढली गेली आणि कळ आली, तरी हसू थांबेना. त्यानं पोट धरलं, भिंतीला पाठ लावली, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं तरी तो हसत राहिला, इतका की पडवीतली माणसं आत डोकावून गेली. हुबोंग दार लोटून निघून गेली होती. तिच्या दारातून मुसळाचा आवाज येऊ लागला. संध्याकाळी कुणी भात कांडत नसतं.

दुसऱ्या दिवसापासून पेजेचं भांडं आलं नाही. पण त्याच्या दाराशी सरपणाची एक मोळी ठेवलेली असे.

*

महिनाभर तो रोज सकाळी नदीत उभा राहिला. शेताला जाणाऱ्या होड्यांची तीच वेळ. पहिले काही दिवस होड्यांतून शिट्ट्या आल्या, कुणी ओरडलं, "नवरदेव, थंडी वाजते का?" तुगांग पुढं बघत उभा राही. मग शिट्ट्या बंद झाल्या. हुबोंग घाटावर कुणाला काय बोलली ते त्याला कधी कळलं नाही.

एका सकाळी वरच्या वळणावरून तीन होड्या एकामागोमाग एक येताना त्यानं ऐकल्या. भरधाव होत्या. आता लाट येणार आणि जखमेवर आदळणार, म्हणून त्यानं दात आवळले. पण वळण घेऊन तो दिसताच पहिल्या होडीनं इंजिनचा जोर कमी केला. मागोमाग दुसरीनं, मग तिसरीनं. तिन्ही होड्या जवळजवळ बिनआवाज, प्रवाहाबरोबर सरकत त्याच्या शेजारून गेल्या. पाणी हललंसुद्धा नाही. होडीतली माणसं समोर बघत होती, बायकांनी टोपल्या मांडीवर धरल्या होत्या, कुणी हाक मारली नाही. बरंच खाली गेल्यावर, त्याला लाट पोचणार नाही एवढं अंतर गेल्यावर, इंजिनं पुन्हा एक एक करून मोठी झाली.

तुगांग कमरेपर्यंत पाण्यात तसाच उभा राहिला.